काचरावांचा खडा

माझ्या जिभेला हाड नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढे कुणीतरी म्हणायचं, बाईने स्वतःचं तेवढं झाकलं.

चाळीस वर्षं मी खडे घासते. कच्चा दगड घ्यायचा, लाखेने काडीच्या टोकाला चिकटवायचा, फिरत्या चाकावर धरायचा आणि एकेक पैलू पाडायचा. चाकावर थेंब थेंब पाणी पडत असतं, त्यामुळे बोटं दिवसभर ओली, आणि नखांत करडा गाळ बसतो तो रविवारीही निघत नाही. माझी खोली एका शिंप्याच्या दुकानावर आहे, पहिल्या मजल्यावर, उत्तरेला मोठी खिडकी. खरं-खोटं ओळखणं हाही याच धंद्याचा भाग. गावातले सोनार अडले की गिऱ्हाइकाला म्हणतात, "वर जाऊन ताईंना दाखवा." मी खरं म्हटलं की खरं आणि काच म्हटलं की काच. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

ही पारख मला वडिलांनी शिकवली. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नानांचा एक नियम होता. खड्यात गोल बुडबुडा दिसला की भिंग खाली ठेवायचं. बुडबुडा म्हणजे काच, काच म्हणजे खोटं, पुढचं गिऱ्हाईक बोलवा. उगाच डोळे शिणवायचे नाहीत. मी हा नियम इतका पाळला की बुडबुडा दिसला रे दिसला, हात आपोआप खाली यायचा.

एकतीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मी स्वतः त्या भानगडीत पडले नाही, पण धाकटीचं मात्र सगळं मला बघायचं होतं. मुलगा खडीच्या खाणीत कामाला होता. जमिनीतून उपसलेले गोटे एका लांब पट्ट्यावरून पुढे जायचे, आणि याने पट्ट्याशेजारी उभं राहून त्यातली मातीची ढेकळं, मुळं, लोखंडाचे तुकडे वेचून बाजूला टाकायचे. पट्ट्याच्या टोकाला गोटे फोडायचं यंत्र. दिवसभर डोळे पट्ट्यावर. मुलगा शांत होता, व्यसन नव्हतं, आणि धाकटीला आवडला होता. मला जरा मिळमिळीत वाटला, पण मला कोण विचारतंय!

लग्नाच्या महिनाभर आधी तो जिना चढून माझ्या खोलीत आला. नाना आणि धाकटीही तिथेच होते. खिशातून काडेपेटी काढली आणि तिच्यातला दगड माझ्या टेबलावर ठेवला. बदामापेक्षा जरासा मोठा, काळपट, आणि सगळ्या अंगावर सुरकुत्या, सुकवलेल्या खजुरासारखा. उजेडासमोर धरला तर कडेने हिरवा दिसायचा.

"पट्ट्यावर सापडला," तो म्हणाला. "खाणीतली म्हातारी माणसं म्हणतात, हा आकाशातून पडलेला दगड आहे. हिच्या अंगठीत बसवायचाय. पण ताई, घासू नका. मला असाच आवडलाय."

आता, घासू नका हे मला सांगायचं म्हणजे न्हाव्याला केस कापू नका म्हणण्यासारखं. आणि आत काय आहे ते बघायला एका बाजूला छोटीशी खिडकी उघडावीच लागते. मी तेवढीच घासली, पुसली, भिंग डोळ्याला लावलं. समोरच, अगदी मध्यावर, टपोरा गोल बुडबुडा. भिंग खाली.

"आकाशातून?" मी म्हटलं. "अहो, आकाशातून बाटली पडली वाटतं! वर कुणीतरी रिचवली आणि रिकामी खाली भिरकावली!"

नाना हसले. शिंपी कशाला तरी वर आला होता, तो हसला. धाकटीही हसली, हसता हसता लाजली. मुलाने हात पुढे केला. "मला बघू द्या ना जरा."

"तुम्हाला काय कळणार त्यात?" मी म्हटलं आणि भिंग कामाच्या अंगरख्याच्या खिशात टाकलं.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मला उपकार करायची हौस. काच तर काच, निदान चकचकीत तरी करून देऊ, म्हणून मी तो दगड काडीला चिकटवला आणि चाकावर धरला. तो शेजारी उभा होता. मध्येच म्हणाला, "राहू दे ना असाच." चाकाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. म्हणजे आलं, पण नाही आलं असं मी केलं. पाऊण तासात सगळ्या सुरकुत्या गाळ होऊन खालच्या ताटलीत गेल्या, आणि मी त्याच्या हातावर एक गुळगुळीत हिरवा खडा ठेवला. तो 'आभारी आहे' म्हणाला.

लग्नाच्या जेवणात मी बाटलीची गोष्ट रंगवून रंगवून सांगितली. कुणीतरी म्हणालं, मग नवऱ्या मुलाला काचरावच म्हणायला हवं. झालं! तेव्हापासून तो काचराव. नाना गेले, धाकटीला मुलगी झाली, ती मुलगी शिकून नोकरीला लागली, तरी आले काचराव, बसा काचराव. खाणीतही तेच. तो स्वतःही हसायचा. धाकटीने ती अंगठी वर्षभर घातली, मग काढून डब्यात ठेवली. एक सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर तो माझा जिना कधी चढला नाही. धाकटीला सोडायला यायचा आणि खाली शिंप्याकडे उभा राहायचा. मी म्हणायचे, गुडघे दुखत असतील बिचाऱ्याचे. तीस वर्षांचा असताना कुणाचे गुडघे दुखतात हो?

गेल्या महिन्यात भाची आली. तिने डबा उघडून ती अंगठी माझ्यापुढे ठेवली.

"मावशी, बाबांची साठी आहे पंधरा तारखेला. आई काही ही घालत नाही. मी ठरवलंय, ही बाबांनाच द्यायची, त्यांच्या करंगळीच्या मापाची करून. खड्यावर चरे पडलेत, तेवढं जरा साफ करून दे ना."

"अगं, काच आहे ती."

"काच तर काच. त्यांनी आणली होती ना?"

पोरगी वडिलांवर गेलीय. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी खडा कोंदणातून काढला आणि चरे किती खोल आहेत ते बघायला भिंग लावलं. बुडबुडा होताच जागेवर, जुन्या ओळखीचा. हात खाली यायला लागला. पण या वेळी मला खरं-खोटं बघायचं नव्हतं, चरे बघायचे होते, म्हणून भिंग तसंच धरून खडा फिरवत राहिले. आणि बुडबुड्याच्या मागे मला तारा दिसल्या. बारीक, वळ्या-वळ्यांच्या, पिळून टाकलेल्या दोऱ्यासारख्या. एक नाही, दोन नाही, सगळा खडा त्यांनी भरलेला.

बाटल्यांचे तुकडे मी आयुष्यात ढिगाने पाहिलेत. लोक पाचू म्हणून आणतात. बाटलीच्या काचेत असं काही नसतं. मी दिवा बदलला, खिडकीशी गेले, परत आले. चहा गार झाला. दोन दिवस दुसरं काम हातात धरवेना. तिसऱ्या दिवशी खडा कागदाच्या पुडीत घालून बस पकडली आणि मोठ्या शहरातल्या रत्नपरीक्षकाकडे गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला तरी विचारायला गेले होते, त्यामुळे नाव सांगितलं नाही.

परीक्षक वयाने माझ्या भाचीएवढा. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली खडा ठेवला आणि खुर्चीतच पुढे सरकला.

"कुठे मिळाला हा तुम्हाला?"

"खडीत."

"बाई, ही काचच आहे, पण माणसाने केलेली नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक प्रचंड उल्का जमिनीवर आदळली. तिच्या धक्क्याने खालची माती, वाळू, खडक क्षणात वितळले, आभाळात उडाले, वरच थिजले आणि दूरदूरवर पाऊस पडावा तसे पडले. तो हा. त्या तारा बघा, वाळूचे कण वितळून ताणले गेलेत. हे कुणाला बनवता येत नाही. फार थोड्या ठिकाणी सापडतो." मग त्याने खडा उलटा केला आणि चुकचुकला. "पण याची साल कुठे गेली? जमिनीत पडून पडून यावर सुंदर सुरकुत्या येतात, तीच तर याची ओळख. जाणकार तीच आधी बघतात. कुणा गाढवाने घासली?"

"होतं एक गाढव," मी म्हटलं.

त्याने छापील कागद दिला. बसमध्ये तो मी चार वेळा वाचला. म्हणजे खाणीतली म्हातारी माणसं बरोबर होती, काचराव बरोबर होता, आणि चुकलं होतं कोण? गावाची पारख करणारी ताई!

आता मनातलं खरं सांगते. घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की कुणाला काही सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. खडा साफ करायचा, अंगठी द्यायची, काचराव खूश, भाची खूश. नाही सांगितलं तर कुणाचं काय बिघडतंय? सांगितलं तर उद्यापासून प्रत्येक सोनार विचार करणार, हिने माझे आणखी किती खडे काच म्हणून परत पाठवले असतील? तेही सोसलं असतं. पण धाकटीला काय सांगू? तीस वर्षं तिने ती अंगठी डब्यात ठेवली माझ्या एका वाक्यावर. ती मला माफ करणार नाही, अशी मला भीती होती. माझं म्हणावं असं दुसरं माणूस मला नाही. मी कागद खणात तळाशी ठेवला आणि वर पॉलिशच्या पुडीचे डबे रचले.

दहा-बारा दिवस छान गेले. म्हणजे वाईट गेले, पण गेले. चौदा तारखेला भाचीचा फोन आला.

"मावशी, बेकरीत उभी आहे. केकवर 'काचराव साठ वर्षांचे' असं लिहू का? मजा येईल ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मावशी? तूच ठेवलंयस ना नाव, म्हणून तुलाच विचारलं."

"लिहू नकोस," मी म्हटलं.

"का गं?"

"नुसतं बाबा लिही." आणि फोन ठेवला. मग डबे बाजूला केले आणि कागद काढून पिशवीत घातला.

पंधरा तारखेला संध्याकाळी सात वाजता धाकटीच्या घरी आम्ही आठ-नऊ माणसं होतो. खाणीतले त्याचे दोन जुने सोबती, शेजारचं जोडपं, भाची आणि तिचा नवरा, धाकटी. काचराव इस्त्रीचा सदरा घालून टेबलाच्या टोकाला अवघडून बसला होता. भाचीने अंगठी त्याच्या करंगळीत घातली. सोबत्यांतला एक ओरडला, "आली काचरावांची काच परत!" सगळे हसले, तोही हसला.

मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली.

"त्याला काच मीच म्हटलं होतं," मी म्हणाले. "मी चुकले. हा खरोखर आकाशातला खडा आहे. हा कागद. मी बुडबुडा बघितला आणि पुढे बघितलंच नाही. यांनी सांगितलं ते सगळं खरं होतं. आणि घासू नका म्हणाले होते, तरी मी घासला. त्याची साल गेली, ती काही परत येणार नाही. दोष माझा आहे, आणि ते नाव आजपासून बंद."

भाचीने कागद घेऊन मोठ्याने वाचला, उल्का, तारा, सगळं. शेजारी म्हणाले, "मग किंमत काय असेल हो याची?" त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं.

काचरावाने माझ्याकडे बघितलंच नाही. तो धाकटीकडे बघत होता.

"म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो," तो म्हणाला.

"तुम्ही खोटं बोललात असं मी कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. काढून ठेवलीस."

धाकटीचा चेहरा पडला. "लोक हसायचे," ती म्हणाली. "तुम्हाला कुणीतरी बनवलं असं मला वाटायचं. आणि तुम्ही एकदासुद्धा म्हणाला नाहीत हो, की नाही, हा खराच आहे. म्हणाला असतात तर मी घातली असती. सगळ्या जगाला न जुमानता घातली असती." मग ती माझ्याकडे वळली. "ताई, एकतीस वर्षं गं!"

एवढंच म्हणाली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शेवटी काचरावच म्हणाला, "अहो ताई, बसा. केक कापू या, नाहीतर वितळायचा." त्याने केक कापला आणि पहिला तुकडा माझ्या बशीत घातला. मी तो सगळा संपवला.

चार दिवस धाकटीचा फोन नाही. मी दोनदा केला, तिने उचलला नाही. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. मला वाटलं शिंपी. दारात काचराव. म्हणजे, तोंडात तेच नाव येतं, जुनी खोड जाता जात नाही. मेहुणे म्हणायचं ठरवलंय.

"या ना, मेहुणे," मी म्हटलं. "बसा."

त्यांनी खोली बघितली, चाक, खिडकी, नानांचं जुनं स्टूल. मग स्टुलावर बसले. करंगळीतून अंगठी ओढून काढली आणि टेबलावर ठेवली, एकतीस वर्षांपूर्वी ठेवली होती त्याच जागी.

"ही बोलत नाहीये ना तुमच्याशी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बोलेल. राग लवकर येतो तिला, जायला वेळ लागतो." मग म्हणाले, "ते आतलं मला दाखवा."

मी चाक बंद केलं. अंगरख्याच्या खिशातून भिंग काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वर्तमानपत्र वाचायच्या काचेसारखं लांब धरलं. मी त्यांचा हात धरून भिंग डोळ्याशी नेलं, दुसऱ्या हातात अंगठी दिली, दिवा जवळ ओढला.

"आता अंगठी हळूहळू जवळ आणा. दिसतोय का काही?"

"बुडबुडा दिसतोय."

"तो सोडा. त्याच्या मागे बघा."

ते बघत राहिले. खाली शिंप्याचं मशीन थांबलं, परत सुरू झालं. त्यांचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलं होतं.

"तारा आहेत," ते म्हणाले.

"हो."

"केवढ्या आहेत!"

"हो."

भिंग डोळ्यावरून न काढताच ते म्हणाले, "नंतर आणखी नऊ सापडले होते. पट्ट्यावर. असेच, सुरकुतलेले. दोन तर याहून मोठे होते."

"कुठे आहेत?"

"पट्ट्यावरच राहू दिले. पुढे यंत्रात गेले, खडी झाली. कुठल्या तरी रस्त्यात असतील."

"अहो, पण राहू का दिलेत? एखादा तरी उचलून ठेवायचा!"

त्यांनी भिंग खाली घेतलं आणि मी काय वेड्यासारखं विचारतेय, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही म्हणाला होतात ना," ते म्हणाले, "काच आहे."